थोरलीच्या नावची पेटी

मंगळवारी दुकान बंद असतं, आणि म्हणूनच या घराण्यातली सगळी भांडणं मंगळवारची आहेत. सासरे गेले ते भलत्याच वारी, पण त्यांच्या अवजारांवरून जे व्हायचं ते झालं मंगळवारीच. धाकट्याची सोयरीक मोडली ती मंगळवारी, आणि दुसरीकडे जुळली तीही मंगळवारी. बाकीचे दिवस प्रत्येकाच्या हातात कुणाचा ना कुणाचा जबडा असतो, आणि दुसऱ्याचा जबडा हातात असला की माणसाला आपला फारसा चालवता येत नाही.

त्या मंगळवारी घरची मोठी सून, थोरली, दुकानाच्या मागच्या खोलीत आली तेव्हा सगळे तिच्या आधी येऊन बसले होते. ती खोली म्हणजे कवळ्यांचा कारखाना. भिंतीला लागून लांब बाक, बाकावर पॉलिशचं चाक, मेण वितळवायची शेगडी, आणि वर फळ्यांवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. निम्म्या गावाची तोंडं तिथे होती, आणि त्यांतल्या बऱ्याच तोंडांचे मालक आता नव्हते. साचा फेकायचा नाही, हा सासऱ्यांचा दंडक. गिऱ्हाईक गेलं तरी त्याचं तोंड आपल्यापाशी असावं, न जाणो, असं ते म्हणत. न जाणो काय, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

चाकाजवळ, तिच्या बुटक्या स्टुलासमोर, कालची कवळी ठेवलेली होती. वरचा जबडा चकचकीत, खालचा अजून खरखरीत. काल संध्याकाळी खालच्याला हात घालायचं तिच्या जिवावर आलं होतं. ते आज आठवून तिला पुन्हा दमायला झालं.

"बसा वहिनी," धाकटा दीर म्हणाला. "आज तुमचाच दिवस आहे."

थोरली बसली. इतकी वर्षं या घरात काढल्यावर तिला एवढं कळत होतं, की तुमचाच दिवस आहे म्हणून सांगावं लागतं तेव्हा तो दिवस दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

मागच्या आठवड्यात तिला साठ पूर्ण झाली होती. वाढदिवसाला फोन आला तो एकट्या नणंदेचा. वहिनी, शंभर वर्षं जगा, असं म्हणून नणंदेनं त्याच श्वासात विचारलं होतं, मग आता पेटी उघडणार ना.

या पेटीला ना झाकण होतं ना कुलूप. ते होतं म्हातारपणासाठीच्या बचतीचं खातं, थोरलीच्या नावावरचं. पण सासूबाईंनी त्याला पहिल्या दिवसापासून घरची पेटी म्हटलं, आणि सासूबाईंनी ज्याला जे नाव ठेवलं ते त्याला चिकटलं. तशी थोरलीही मुळात थोरली नव्हती. माहेरी ती शेंडेफळ होती.

खातं तिच्याच नावावर का, याचं मूळ सासऱ्यांपाशी होतं. त्यांना सगळे दातोबा म्हणत. हात असा, की त्यांनी केलेली एक कवळी वादळात एका खलाशाच्या तोंडातून समुद्रात पडली आणि कितीतरी वर्षांनी भलत्याच बंदरावर एका माशाच्या पोटात सापडली. धुऊन लावली, तर त्याच खलाशाला पहिल्यासारखी चपखल बसली. मधल्या काळात माशालाही चांगलं पचत होतं, असं खलाशाचं म्हणणं. आणखी एका गिऱ्हाइकाला त्यांनी इतके सुरेख दात बसवले, की जन्मभर न हसलेल्या त्या माणसाचं तोंड स्वतःच्या सासऱ्याच्या प्रेतयात्रेत मिटता मिटेना, आणि बायको माहेरी निघून गेली. अशा माणसानं घरच्या बाबतीत मात्र सपशेल चुकीचा ठसा घेतला. त्यांचं ठाम मत होतं, की घरच्या मुलानं पगार घ्यायचा नसतो. मुलगा मालक. पगार घेतो तो परका.

म्हणून त्यांच्या दोन्ही मुलांनी कधी पगार घेतला नाही. लागेल तसे गल्ल्यातून काढले. आणि थोरली सून होऊन आली, चाकावर बसली, हात तयार झाला, तेव्हा दातोबांनी तिचं नाव पगाराच्या वहीत झाडूवाल्याच्या खाली घातलं. सून ती, परक्याची लेक. पहिला पगार हातात पडला त्या दिवशी ती मोरीत जाऊन रडली होती. पगार तसाही संध्याकाळी सासूबाईंच्या डब्यात जायचा. पण त्या वहीत आपण झाडूवाल्याच्या खाली आहोत, हे तिला फार लागलं होतं.

पुढे ही बचतखाती निघाली, आणि पहिलाच नियम असा निघाला, की ज्याला स्वतःच्या कामाचा पगार मिळतो त्यालाच खातं काढता येईल. मालक लोक हात चोळत बसले. घरातली पगारदार काय ती एकटी परकी. मग सासूबाईंनी तोडगा काढला. खातं हिच्या नावावर, टाकायचं सगळ्यांनी, आणि वाटायचं हिला साठ झाल्यावर. दरवर्षी हिशेबाच्या दिवशी त्या ओचा पसरून उभ्या राहायच्या. पहिल्या नियमाची एवढी पळवाट सापडल्याच्या आनंदात दुसरा नियम वाचायचं कुणाला सुचलं नाही.

तो वाचायला आता नणंदेचे यजमान आले होते. हे निवृत्त स्टेशनमास्तर. घरात सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी खात्याच्या नियमांची पुस्तिका मिळवली होती आणि ती वेळापत्रकासारखी दोन्ही हातांत धरली होती. त्यांचा आवाजही अजून फलाटावरच होता. प्रत्येक नियम ते दोनदा वाचत, दुसऱ्यांदा अधिक सावकाश, जणू कुणाची गाडी चुकू नये.

"खातेदारास साठ वर्षे पूर्ण झाल्यावर रक्कम काढता येते," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले.

धाकट्यानं त्यातलं 'काढता येते' तेवढं ऐकलं. नणंदेनं 'रक्कम' ऐकलं. थोरलीच्या मनात 'झाल्यावर' राहिलं. आणि तिचे यजमान, म्हणजे थोरले, त्यांनी सवयीप्रमाणे मान हलवली. शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूला मान हलवायची त्यांची पद्धत होती. भांडणात त्यामुळे त्यांचं कधी कुणाशी वाकडं आलं नाही, आणि कधी कुणाला उपयोगही झाला नाही.

मग वाटणीचं बोलणं निघालं. नणंदेचं म्हणणं सरळ होतं. तिघं भावंडं, तीन वाटे, आईनं तसंच ठरवलं होतं. मास्तरांना सरकारी घर सोडावं लागल्यापासून दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. छत गळत होतं, आणि गाड्यांचा आवाज नसल्यामुळे मास्तरांना झोप लागत नव्हती. छताचं काहीतरी करता येण्यासारखं होतं. धाकटा म्हणाला, वाटे कसले करता, दुकानच राहणार नाही. हल्ली तोंडाचा नुसता फोटो काढला की यंत्र आपोआप दात कोरून काढतं. चौकातल्या नव्या दवाखान्यानं तसं यंत्र आणलं, आणि आपल्याकडे आता राहिलेत फक्त म्हातारे, तेही उधारीवाले. सगळे पैसे यंत्रात घातले तर अजून एक पिढी निघेल.

"आणि त्या यंत्राचे दात आम्ही खायचे का?" नणंद म्हणाली.

"ताई, तू टाकायचं बंद केलंस तुझ्या लग्नात. मी मोजत नाही, पण आठवतंय मला."

"तू गाडी घेतलीस तेव्हा बंद केलंस. मीही मोजत नाही."

दोघांनाही सगळं पाठ होतं, हे थोरलीला दिसत होतं. ते दोघं थांबल्यावर पेटीत कोण टाकत राहिलं, हे मात्र कुणी काढलं नाही. दरवर्षी हिशेबाच्या दिवशी सासूबाई ओचा पसरायच्या, आणि शेवटी शेवटी त्यात पडायचे ते थोरलीच्याच पगाराचे पैसे. ते तिला आधी त्यांच्याच डब्यातून मागून घ्यावे लागत. ती चहा करते म्हणून उठली आणि शेगडीवर किटली चढवली.

पाठीमागे बहीणभावांचं हळूहळू जुळत चाललं. या घरात भांडण मिटतं ते तिसऱ्याच्या अंगावर, हे तिला माहीत होतं. ते तसंच मिटत होतं. मास्तरांनी आणखी एक नियम वाचला. पगार चालू असेल तर खातं साठीनंतरही तसंच ठेवता येतं, सत्तरीपर्यंत, आणि त्यात भर घालता येते. मास्तरांनी तो दोनदा वाचून होईपर्यंत धाकट्याचा चेहरा उजळला होता.

तोड अशी निघाली. आता जेवढं काढता येईल तेवढं काढायचं. त्यातून ताईचं छत आणि यंत्राचा पहिला हप्ता. आणि वहिनींनी काम चालू ठेवायचं. म्हणजे पगार चालू, म्हणजे पेटी चालू, म्हणजे सत्तरीला पुन्हा एकदा सगळ्यांना वाटता येईल. नणंदेनं थोडं नाक मुरडलं, पण ती नाही म्हणाली नाही. थोरल्यांनी मान हलवली.

"वहिनींना काय जड आहे?" धाकटा कौतुकानं म्हणाला. "मास्तर, तुम्ही बघितलाय का यांचा अंगठा? कवळीच्या कडेवरून एकदा फिरवला, की कुठं टोचणार ते सांगतात. यंत्र येऊ दे नाहीतर त्याचा बाप. तो अंगठा आपल्याकडेच पाहिजे. अजून दहा वर्षं तरी."

हे अगदी खरं होतं. दातोबा असताना ते परगावच्या गिऱ्हाइकांना सांगत, की आमच्या सुनेचा अंगठा पातळ कागदाखालचा केस ओळखतो. एकदा म्हणे तिनं नुसता अंगठा फिरवून सांगितलं होतं की या गिऱ्हाइकाला डावीकडून चावायची सवय आहे आणि बायकोशी पटत नाही. दोन्ही खरं निघालं. आता खरं नव्हतं ते एवढंच, की तो अंगठा राहिला नव्हता. चाकाची थरथर इतकी वर्षं त्यात मुरली होती. आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही कंटाळून निघून गेल्या, आणि गेल्या वर्षापासून त्या जागी नुसतं लाकूड होतं. थोरली कवळी धुऊन तिची कड खालच्या ओठावरून फिरवायची, कुणाचं लक्ष नसताना. पण ओठाला अंगठ्याची सर येत नाही. मागच्या महिन्यात पाववाल्याची म्हातारी हिरडी सोलून परत आली होती, आणि थोरलीनं दोष मापावर ढकलला होता.

तिला पैसे नको होते असं नाही. पण पैशांहून जास्त तिला त्या स्टुलावर बसायचं नव्हतं. एवढंच. आणि एवढं एक वाक्य उचलून बाहेर ठेवायला तिच्या अंगात त्राण नव्हतं.

चहाला कढ आला. तिनं किटली उतरवली आणि ऐकत तशीच उभी राहिली. धाकटा यंत्र कुठं बसवायचं ते दाखवत होता. तिच्या चाकाच्या जागी यंत्र, चाक खिडकीशी, तिथे उजेड चांगला, वहिनींच्या डोळ्यांना बरं. मास्तर पुढचा नियम शोधत होते. नणंद कप घ्यायला वळली आणि थांबली.

थोरलीनं एका हातानं किटलीचा दांडा धरला होता. दुसऱ्या हाताचा अंगठा किटलीच्या पोटावर टेकला होता, सरळ पत्र्यावर. ती तशीच उभी होती, चेहऱ्यावर काही नाही. पत्र्यावरून वाफ निघत होती.

"वहिनी," नणंद हळू म्हणाली, आणि मग झटकन पुढे होऊन तिनं तो हात ओढून काढला. अंगठा लालभडक झाला होता. थोरलीनं त्याच्याकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

नणंदेनं मडक्यातलं गार पाणी वाटीत घेतलं आणि तो अंगठा त्यात बुडवून धरला. धाकट्याचा हात यंत्राच्या जागेकडे केलेला तसाच राहिला होता. तो त्यानं खाली घेतला आणि खिशात घातला.

नणंद बोलली ती वाटीकडे बघत. "मी आईचं सगळं केलं. मग मास्तरांच्या आईचं केलं, अंथरुणात. मला कुठल्या वहीत कुणी घातलं नाही, झाडूवाल्याच्या खालीसुद्धा नाही. घातलं असतं तर आज माझंही एक खातं असतं, आणि मी कुणाला वाटे मागायला आले नसते." मग ती भावाकडे वळली. "हिची पेटी हिची आहे. मास्तर, पुढचा नियम वाचा. दुसरा. जो तुम्ही मघाशी गाळलात."

मास्तरांनी तो खरोखरच गाळला होता, बायकोसाठीच. त्यांनी चष्मा पुसला. खाते एकाच व्यक्तीचे असेल, त्यात भागीदार नाही. या वेळी त्यांनी एकदाच वाचलं.

धाकट्याचं तोंड पडलं, पण तो वाईट माणूस नव्हता, नुसता घाबरलेला होता. तो म्हणाला, पुस्तिकेत काय छापतात आणि प्रत्यक्षात काय करतात यात फरक असतो, फोन करून विचारू. त्यानंच नंबर फिरवला आणि आवाज मोठा करून फोन बाकावर ठेवला, खालच्या जबड्याशेजारी.

फोनवर एक बाई आली. तिला सर्दी झाली होती, आणि सकाळपासून ती हेच सांगत असावी. धाकट्यानं चढत्या सुरात सगळा प्रश्न मांडला. बाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, खातेदार कोण आहेत. धाकटा म्हणाला, आमच्या वहिनी, पण मी त्यांच्या वतीनं. बाई म्हणाली, वतीनं चालत नाही, त्यांना द्या.

"बोला," थोरली म्हणाली. तिचा अंगठा अजून वाटीत होता.

बाईनं नाव, जन्मतारीख विचारून घेतलं. मग सांगायला लागली, शिंका आवरत. चौथा हिस्सा एकरकमी मिळेल, त्यावर कर नाही. तो तुम्ही कुणालाही द्या, आमची हरकत नाही. राहिलेली रक्कम महिन्याच्या महिन्याला, तुम्ही आहात तोपर्यंत. सगळं एकदम मोडलंत तर त्यातला बराचसा भाग करातच निघून जाईल, मोडू नका असं मी सांगणार नाही, मला सांगता येत नाही, पण मोडू नका. थोरलीला ती बाई आवडली.

"महिन्याची रक्कम कधी सुरू होते?"

"काम थांबवल्यावर. पगार चालू असेपर्यंत नाही. आणि एकदा थांबलात की पुन्हा पगारावर यायचं नाही, तसं केलंत तर रक्कम बंद. विचार करायला वेळ हवा असेल तर घ्या. घाई नाही."

थोरलीनं खोलीकडे बघितलं. नणंद तिचं मनगट धरून होती. धाकटा जमिनीकडे बघत होता. मास्तरांनी पुस्तिका मिटली होती. थोरल्यांना मान कुणाच्या बाजूला हलवायची ते समजत नव्हतं, कारण शेवटी कुणी बोललंच नव्हतं.

"चौथा हिस्सा या दोघांना द्या," थोरली म्हणाली. "त्यांनी टाकले होते. माझं राहिलेलं."

"ते तुमच्या खात्यात येईल, पुढे तुम्ही द्या. म्हणजे महिन्याची रक्कम सुरू करायची का?"

"करा."

बाई टाईप करत असल्याचा आवाज आला. मग तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "शेवटचा कामाचा दिवस कोणता लिहू?"

धाकट्यानं मान वर केली. त्याच्या मनात काय चाललंय ते थोरलीला स्वच्छ दिसलं. महिनाअखेर म्हणा, वहिनी. निदान हाती घेतलेली कामं. निदान पाववाल्याची म्हातारी. निदान ही एक, समोरची. तो तोंड उघडणार होता. पण या घरात आल्यापासून थोरलीला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर तिच्यापाशी कधीचं तयार होतं.

"काल," ती म्हणाली.

"काल सोमवार. बरोबर?"

"बरोबर."

टाईप केल्याचा आवाज झाला. नोंद झाली, बाई म्हणाली, आणि एवढं बोलून शिंकली. फोन बंद झाला. काल काही विशेष दिवस नव्हता, हे थोरलीला वाटून गेलं. काल तिनं एक वरचा जबडा केला होता, आणि कंटाळून घरी गेली होती. शेवटचा दिवस आहे हे ठाऊक असतं तर कदाचित चाकावर एकदा हात फिरवला असता. कदाचित नसताही.

"मग हे कोण करणार?" धाकटा म्हणाला. रागानं नाही, खरंच विचारावं तसं. त्यानं खालचा जबडा उचलून पुन्हा ठेवला. "हा माणूस उद्या येणार आहे घ्यायला."

बाकाच्या टोकाशी खुर्ची सरकली. थोरले उठले. ते फक्त मेणाचं आणि मापांचं काम करत. चाकाला त्यांनी तरुणपणी हात लावला असेल. ते येऊन तिच्या स्टुलावर बसले. स्टूल त्यांना फार बुटकं होतं, त्यांचे गुडघे छातीपर्यंत आले. त्यांनी तो खरखरीत जबडा उचलला, उजेडात धरला, आणि तिला इतकी वर्षं करताना पाहिलं होतं तसा अंगठा कडेवरून फिरवला. मध्येच कचरले.

"अगं," ते म्हणाले, "टोचतंय."

थोरलीनं वाटीतून हात काढून पदराला पुसला. मग किटली उचलली, दोन्ही हात दांड्यावर ठेवून, आणि पहिला कप नणंदेसमोर भरला.

"मग घासा," ती म्हणाली.